खुल्या गटातली मुलगी

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या सीमाभागातल्या मंडळांच्या फलकांवर स्पर्धांची यादी लागते. रांगोळी, पाककला, वक्तृत्व, चित्रकला आणि त्यांच्या जोडीला बुद्धिबळ. बुद्धिदेवतेच्या उत्सवात बुद्धिबळ हवेच, याबद्दल कोणाचे दुमत नसते. मात्र या खेळाच्या नावापुढे कंसात जे लिहिलेले असते, ‘खुला गट’, ‘महिला गट’, ‘१४ वर्षांखालील’, ते आपण सहसा नुसते वाचून पुढे जातो. यातल्या ‘खुला’ या शब्दाला मोठा इतिहास आहे. कोणाशी खेळायचे हे कोण ठरवणार, या प्रश्नाचा तो इतिहास आहे. त्यातले एक महत्त्वाचे पान मूळच्या सांगलीच्या एका घराण्यातल्या तेरा वर्षांच्या मुलीने लिहिले, आणि त्याच गोष्टीचे एक ताजे पान चोर्ला घाटाखाली, गोव्यात लिहिले गेले. म्हणून हा विषय आम्ही यंदाच्या स्मरणिकेसाठी निवडला.

देशी डाव आणि विलायती डाव

बुद्धिबळ भारतातून इराणमार्गे जगभर गेले, हे आपण शाळेपासून ऐकतो. आपल्या मुलखाचा त्यातला वाटा मात्र फारसा सांगितला जात नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावे, कसे राहावे, मन कशात रमवावे याचा तो जणू कोशच आहे. त्यातल्या करमणुकींमध्ये चतुरंगालाही जागा आहे. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. राजा कन्नड मुलखाचा, ग्रंथ संस्कृत, आणि जुन्या मराठीतल्या गीताच्या ओळीही त्याच ग्रंथात सापडतात. दोन भाषांच्या शेजारात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा ग्रंथ परका वाटू नये.

पुढे घरोघरी जो डाव रुळला तो आजच्यासारखा नव्हता. देशी डावात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. आजचे कॅसलिंग नसे. त्याऐवजी राजाला, शह बसला नसेल तर, एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. पार पोचलेले प्यादे ज्या घरात पोचले त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. वाटेल तेव्हा वजीर होण्याची सोय नसे. डाव संथ चाले, कटावर कट रचले जात. प्याद्याने मात करणे विशेष कौशल्याचे मानले जाई, आणि ‘प्यादेमात’ हा शब्द पट कधी हाती न धरलेल्यांच्याही बोलण्यात राहिला आहे.

इंग्रज आले, आणि त्यांचा डाव वेगळ्या नियमांचा निघाला. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे एक पुस्तक इंग्रजीत छापले गेले. मूळ ग्रंथ संस्कृतातला, नाव ‘विलासमणिमंजरी’. त्यातले डाव युरोपीय पद्धतीच्या खेळाशी जुळवून दिले होते. म्हणजे पेशवाई अजून उभी होती तेव्हाच एका शास्त्र्याच्या लक्षात आले होते की दूरच्या माणसाशी खेळायचे तर दोघांचे नियम एक व्हायला हवेत. स्पर्धेची ही पहिली अट आहे. ओसरीवर दोघे आपसात ठरवून वाटेल तसे खेळू शकतात, पण अनोळखी माणसाशी सामना व्हायचा तर नियम दोघांच्याही बाहेरचा लागतो.

शहापूर, सांगली आणि पट

बेळगावकरांना हे सांगायला नको की आजचे शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. इकडे इंग्रजांच्या छावणीचे बेळगाव आणि लगेच पलीकडे पटवर्धनांचे, विणकरांचे शहापूर. आज सांगली आणि शहापूर यांच्यामध्ये राज्याची हद्द आहे, पण शहापूरच्या कित्येक जुन्या घरांचे पूर्वज सांगलीकरांची प्रजा होते. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि सांगलीला नाट्यपंढरी हे नाव मिळाले. त्याच गावाची दुसरी ओळख बुद्धिबळाची आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ मध्ये तेथे नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केले. उन्हाळ्याच्या सुटीत तेथे भरणारा बुद्धिबळ महोत्सव देशभरच्या खेळाडूंना ठाऊक झाला. मिरजेला गाडी बदलली की सांगली, असा सोपा प्रवास असल्यामुळे आपल्या भागातल्या खेळाडूंनाही तो जवळचा वाटत आला.

अशा मंडळाचे मोल समजायचे तर त्याआधीचा काळ पाहावा लागतो. संस्थानिकांच्या काळी चांगला खेळाडू कोणाच्या तरी पदरी असे. धनी म्हणेल तिथे, धनी म्हणेल त्याच्याशी तो खेळे. या व्यवस्थेचे सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत करुण उदाहरण मीर सुलतान खान यांचे. पंजाबातले जमीनदार सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा माणूस देशी डाव खेळून वाढला. १९२८ मध्ये तो अखिल भारतीय विजेता झाला आणि १९२९ मध्ये धन्याबरोबर लंडनला गेला. विलायती नियम त्याने उशिरा आत्मसात केले होते. तरी त्याच वर्षी त्याने ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, पुढे १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. धनी १९३३ च्या अखेरीस मायदेशी परतला तसा सुलतान खानही परतला, आणि जागतिक स्पर्धांच्या पटावरून कायमचा दिसेनासा झाला. १९६६ मध्ये त्याचे निधन झाले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ मध्ये.

त्याच घरात काम करणारी फातिमा नावाची एक तरुणीही लंडनला गेली होती. तिने १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले. तिचे नाव तर सुलतान खानइतकेही कोणाच्या तोंडी राहिले नाही.

खेळ येणे वेगळे आणि स्पर्धेत उतरता येणे वेगळे, हे या दोघांच्या आयुष्यावरून दिसते. बुद्धी दोघांकडे होती. मात्र स्पर्धेचे दार उघडण्याची किल्ली धन्याच्या खिशात होती. मंडळ, संघटना, नियमावली, प्रवेशअर्ज या आपल्याला रुक्ष वाटणाऱ्या गोष्टींनी ती किल्ली धन्याच्या खिशातून काढून घेतली. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये आंध्रातल्या एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि तिचे संयुक्त विजेते ठरले रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या. आता राष्ट्रीय विजेता व्हायला कोणाच्या पदरी असण्याची गरज उरली नव्हती. पण एक दार अजून अर्धेच उघडे होते.

तेरा वर्षांची रोहिणी

महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये बेंगळुरूला झाली. ती जिंकली वासंती खाडिलकर यांनी. पुढचे दशकभर महिलांच्या राष्ट्रीय किताबावर वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींचेच राज्य होते. वासंती एकदा, जयश्री चारदा आणि रोहिणी पाचदा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. एकाच घरातल्या तीन बहिणींनी खेळ असा वाटून घेतल्याचे दुसरे उदाहरण जगातही शोधावे लागेल.

घर कोणते, तेही पाहण्यासारखे आहे. ‘कीचकवध’ लिहून इंग्रज सरकारचा रोष ओढवून घेणारे आणि ‘केसरी’त टिळकांचे उजवे हात असलेले नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा जन्म १८७२ मध्ये सांगलीचा. त्यांनी १९२३ मध्ये ‘नवाकाळ’ सुरू केला. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर हे ‘नवाकाळ’चे संपादक, आणि या तिघी नीलकंठरावांच्या मुली. मुंबईत वाढलेल्या, पण मूळ सांगलीचे. आमच्या भागातल्या ज्या घरांत ‘नवाकाळ’ येत असे त्यांना या मुलींची नावे खेळाच्या पानावर येण्याआधीपासून ओळखीची वाटत, यात नवल नाही.

धाकट्या रोहिणीचा जन्म १ एप्रिल १९६३ चा. १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ती पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. तोपर्यंत कोणतीही भारतीय स्त्री तेथे खेळली नव्हती. मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे तिच्या बाजूने निकाल लागला. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून वगळता येणार नाही. रोहिणीने ती स्पर्धा जिंकली नाही. मात्र निरनिराळ्या राज्यांच्या तीन विजेत्यांना तिने हरवले.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय असेल, हे समजायला अवघड नाही. दोनच वर्षांपूर्वी मुलींसाठी वेगळी स्पर्धा सुरू केली आहे, तिथे खेळावे की, इकडे कशाला? वरवर पाहता हे बोलणे समंजस वाटते. आजही एखाद्या गावातल्या कार्यक्रमात, एखाद्या समितीच्या बैठकीत, याच सुरात कोणीतरी बोलतेच. ‘तुमच्यासाठी वेगळी व्यवस्था केली आहे ना’ या वाक्यात सोय आणि अडवणूक दोन्ही एकत्र राहू शकतात. सोय कुठे संपते आणि अडवणूक कुठे सुरू होते, ते त्या मुलीला मोठ्या दारातून आत येऊ देता की नाही यावर ठरते.

आणि बुद्धिबळात हा प्रश्न निव्वळ मानाचा नाही. तो प्रगतीचा आहे. या खेळात आपल्याहून जोरदार माणसाकडून हरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या पटावर आपणच सर्वांत चांगले, त्या पटावर रोज जिंकून माणूस तिथेच राहतो. आपल्या चुका कोणी पकडतच नाही, तर त्या सुधारणार कशा? महिलांच्या पटावर तीन बहिणींखेरीज कोणाचा फारसा निभाव लागत नव्हता. अशा वेळी तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःहून अधिक कठीण पट मागावा, यात स्पर्धेकडे पाहण्याची एक स्पष्ट दृष्टी आहे. जिंकण्याची खात्री असलेली जागा सोडून, हरण्याची शक्यता असलेल्या जागी जायचे. तिथे हरलो तर त्या हरण्याचाही उपयोग होतो.

रोहिणीने महिलांची स्पर्धा सोडली नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. ती दोन्हीकडे खेळली. कठीण पटाचा लाभ काय झाला ते १९८१ मध्ये दिसले. आशियाई महिला अजिंक्यपद पहिल्यांदाच भरवले गेले, हैदराबादला. रोहिणीने ते एकही डाव न गमावता जिंकले. १९८३ मध्ये क्वालालंपूरला तिने ते पुन्हा जिंकले. १९८० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला होता. पुढे तिने घराण्याचा वृत्तपत्राचा वारसा हाती घेतला आणि ‘संध्याकाळ’ची संपादक झाली.

युवे यांची एक जुनी हार

युवे यांनी तो निर्णय दिला यामागे एक गंमतीची हकीकत आहे. पहिली महिला जगज्जेती व्हेरा मेन्चिक. १९२७ मध्ये लंडनला ती विजेती झाली आणि १९४४ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात मृत्यू येईपर्यंत हा किताब तिच्याकडेच राहिला. १९२९ मध्ये कार्ल्सबाडच्या मोठ्या स्पर्धेत तिला घेतले तेव्हा व्हिएन्नाच्या अल्बर्ट बेकर नावाच्या खेळाडूने थट्टा केली, की जो हिच्याकडून हरेल त्याला ‘व्हेरा मेन्चिक क्लब’चा सभासद करावे. पहिला सभासद बेकर स्वतःच झाला. पुढे या क्लबात मोठमोठी नावे आली, आणि त्यांत एक होते मॅक्स युवे. हेस्टिंग्जला ते तिच्याकडून दोनदा हरले. हेच युवे १९३५ मध्ये जगज्जेते झाले आणि १९७० ते १९७८ महासंघाचे अध्यक्ष राहिले. पटावर स्त्रीसमोर बसून आपण हरलो होतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे १९७६ चा प्रश्न निवाड्याला आला, हे रोहिणीचे आणि आपलेही भाग्य म्हणायचे.

एका निर्णयाने सगळे सुरळीत झाले असे नाही. १९७८ मध्ये जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विली ग्रँडमास्टर झाल्या, असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तरीही १९८६ मध्ये हंगेरीच्या सुसान पोल्गारला पात्रता मिळवूनही जगज्जेतेपदाच्या फेरीतून, ती स्पर्धा ‘पुरुषांची’ असल्याचे सांगून, बाहेर ठेवले गेले. त्यानंतर त्या स्पर्धेच्या नावातला ‘पुरुष’ हा शब्द गेला. तिची धाकटी बहीण ज्युडिट हिने तर महिलांचे जगज्जेतेपद कधी खेळायचेच नाही असे ठरवले. १९९१ मध्ये, पंधराव्या वर्षी, ती ग्रँडमास्टर झाली आणि बॉबी फिशरचा विक्रम तिने मोडला. पुढे ती जगातल्या पहिल्या दहांत पोचली. २००२ मध्ये मॉस्कोत जलद डावात तिने कास्पारोव्हलाही हरवले. स्त्रियांनी सर्वांबरोबरच खेळावे, वेगळे किताब त्यांच्या महत्त्वाकांक्षेला कमी उंचीवर थांबवतात, असे तिचे मत आहे.

आम्हाला ज्युडिटच्या मताचा आदर वाटतो, पण आपल्याकडच्या परिस्थितीत रोहिणीचा मार्ग अधिक उपयोगाचा वाटतो. वेगळा गट असला की नव्या मुली पटाशी येतात, आईवडील धीराने पाठवतात, बक्षीस मिळाले की पुढच्या स्पर्धेचा खर्च निघतो. सांगलीच्या परंपरेनेही ते दाखवले. राष्ट्रीय किताब पाचदा जिंकणाऱ्या आणि १९९१ मध्ये आशियाई विजेत्या झालेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे, सांगलीच्याच महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे, शेजारच्या गोव्याच्या भक्ती कुलकर्णी, या साऱ्यांना महिलांच्या स्पर्धांनी नाव दिले. वेगळा गट हा उंबरठा आहे. तेथून मोठ्या खोलीत जाता आले पाहिजे एवढीच अट.

बातुमी आणि गोवा

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. नागपूरची दिव्या देशमुख, जन्म ९ डिसेंबर २००५, आईवडील दोघेही डॉक्टर. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या वाइक आन झे येथे ती पुरुष-स्त्री असा भेद नसलेल्या गटात खेळली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. स्पर्धा संपल्यावर तिने समाजमाध्यमावर जे जाहीरपणे लिहिले त्याची जगभर चर्चा झाली. प्रेक्षक आपल्या डावाकडे न पाहता कपडे, केस, बोलण्याची ढब यांवर बोलतात. पुरुष खेळाडूच्या मुलाखतीत त्याच्या खेळाची चर्चा होते आणि मुलीच्या बाबतीत खेळ सोडून सगळ्याची, असे तिचे म्हणणे होते. १९७६ मध्ये प्रवेशाचा झगडा झाला होता. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर प्रवेश मिळालेल्या मुलीला कळले की आत आल्यावरही नजर पटावर नाही. न्यायालय दार उघडून देऊ शकते. आत बसलेल्यांची नजर बदलण्याचे काम समाजाचे, म्हणजे आपले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने पुरुष-खुला आणि महिला असे दोन्ही सुवर्ण जिंकले. नाशिकचा विदित गुजराथी खुल्या संघात होता, दिव्या महिला संघात, आणि महिला संघाचे कर्णधार होते पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. दिव्याने आपल्या पटावरचे वैयक्तिक सुवर्णही मिळवले. मग २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमी येथे, म्हणजे नोना गाप्रिंदाश्विलींच्याच देशात, महिला विश्वचषकाची अंतिम लढत एकोणीस वर्षांची दिव्या आणि अडतीस वर्षांची कोनेरू हंपी यांच्यात झाली. दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत दिव्या जिंकली. ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा ग्रँडमास्टरपदासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्याकडे नव्हता. विश्वचषकाच्या विजेतीला तो किताब थेट मिळतो, या नियमाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. या ८८ जणांत स्त्रिया चार: हंपी, हरिका, वैशाली आणि दिव्या.

यानंतर दिव्याने काय केले ते आमच्या दृष्टीने त्या विजेतेपदाइतकेच महत्त्वाचे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंदला ग्रँड स्विस स्पर्धेत महिलांचा गट असताना ती खुल्या गटात उतरली आणि तेथे जगज्जेत्या गुकेशशी तिने बरोबरी साधली. नोव्हेंबरमध्ये विश्वचषक आपल्या दाराशी आला, उत्तर गोव्यातल्या हडफडे येथे. २०६ खेळाडूंत दिव्या ही एकटी स्त्री. पहिल्याच फेरीत ती हरली. वृत्तपत्रांनी ती हार दोन ओळींत संपवली, आणि खेळाच्या हिशोबाने ते बरोबरही होते. पण आमच्यासारख्या जुन्या वाचकांना १९७६ आठवले. तेव्हा त्या पटावर बसण्यासाठी न्यायालयात जावे लागले होते. आता महासंघाने स्वतःहून निमंत्रण दिले होते, आणि मुलीने जिंकण्याची सोपी जागा सोडून ते स्वीकारले होते. रोहिणीची दृष्टी दोन पिढ्यांनंतर तशीच उभी राहिलेली आपल्या शेजारी पाहायला मिळाली.

खेळाचे पुढे काय

बुद्धिबळाच्या भवितव्याबद्दल हल्ली काळजीचा सूर ऐकू येतो. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने कास्पारोव्हला हरवले. आज खिशातल्या फोनमधला प्रोग्रॅम कोणत्याही जगज्जेत्याला हरवतो. डावाच्या पहिल्या वीस-पंचवीस चाली घरी संगणकावर पाठ केलेल्या असतात. दहा वर्षे जगज्जेता राहिलेल्या मॅग्नस कार्लसनने २०२२ मध्ये जाहीर केले की हा किताब राखण्यासाठी सामना खेळण्यात आपल्याला रस उरलेला नाही. त्याचा कल आता जलद डावांकडे आणि फिशरने १९९६ मध्ये मांडलेल्या नव्या प्रकाराकडे आहे. त्यात मागच्या रांगेतली मोहरी दर वेळी वेगळ्या क्रमाने लावतात. अशा ९६० मांडण्या होतात, त्यामुळे पाठांतर कामाला येत नाही.

हे ऐकून जुन्या मंडळींनी दचकू नये. आपल्याच आजोबा-पणजोबांनी देशी डाव सोडून विलायती डाव उचलला, राजाची अडीच घरांची उडी सोडली, प्याद्याची दोन घरे स्वीकारली. खेळ त्याने मेला नाही. नियम बदलत आले आहेत आणि बदलतील. आमच्या मते खेळाचे भवितव्य चालींच्या नियमांपेक्षा पटाशी कोण बसते यावर अधिक अवलंबून आहे.

संगणकाने जशी चुरस पाठांतराकडे नेली, तशीच एक मोठी गोष्ट सोपीही केली. पूर्वी चांगली पुस्तके मुंबईहून मागवावी लागत, गुरू सांगलीला जाऊन गाठावा लागे. आज निपाणीतल्या मुलीच्या हातातला फोन आणि मॉस्कोतल्या मुलाच्या हातातला फोन तोच डाव दाखवतात. शिकण्यातले अंतर त्याने कमी केले. स्पर्धेतले अंतर मात्र उरले. समोरासमोर बसून, घड्याळ दाबून, चार तास घाम गाळून खेळलेल्या डावाला फोनवरचा डाव पर्याय नाही. अशा स्पर्धांसाठी प्रवास हवा, सोबत हवी, प्रवेशशुल्क हवे. मुलगा असेल तर एखादा काका, एखादा मित्र घेऊन जातो. मुलगी असेल तर घरात चर्चा होते, आणि दहावीचे वर्ष आले की बहुधा ती चर्चाही थांबते. ८८ मध्ये चारच का, याचे उत्तर बुद्धीत शोधण्यापेक्षा या चर्चेत शोधावे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या खेळाडूची निवड कर्नाटकाच्या संघटनेतून होते, तर जवळच्या मोठ्या खुल्या स्पर्धा अनेकदा कोल्हापूर-सांगलीला किंवा गोव्यात असतात. याकडे अडचण म्हणून पाहता येते आणि संधी म्हणूनही. तीन राज्यांच्या पटांवर खेळण्याची सोय फार थोड्या गावांना असते. पट मराठी-कन्नड जाणत नाही, आणि शह कोणत्याही भाषेत शहच असतो.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे आम्ही तीन साध्या गोष्टी ठेवतो. महिलांचे वेगळे बक्षीस ठेवावे, पण मुलीने मागितले तर तिला खुल्या गटात विनाअट घ्यावे. ती बारा वर्षांची असो वा साठ वर्षांची, जोडी नेहमीच्या पद्धतीने लावावी. दुसरे, पहिल्या क्रमांकाच्या करंडकावरचा थोडा खर्च वाचवून एका मुलीला आणि तिच्या सोबतच्या माणसाला सांगलीच्या उन्हाळी स्पर्धेचा प्रवासखर्च द्यावा. तिसरे, बक्षीस देताना व्यासपीठावरून तिच्या साडीचे किंवा शालीनतेचे कौतुक करण्याऐवजी तिचा एखादा डाव सांगावा. तो सांगता येण्यासाठी आधी पटाशेजारी उभे राहून तो पाहावा लागेल, आणि त्यासाठी आरतीनंतरचा अर्धा तास पुरेसा आहे.